सर्व्हिस मॅन्युअल हाती आल्यावर

आज पेंटॅक्स के-१००० उघडला. १९७६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात बॅटरी लागते ती फक्त लाइटमीटरला, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाला. शटर पूर्णपणे यांत्रिक आहे. ते एक सेकंदाच्या वेगावर अडकते, तेव्हा बहुधा मंद वेग सांभाळणाऱ्या दातेरी चाकांवरचे जुने वंगण घट्ट झालेले असते. वापरकर्त्याची पुस्तिका सहज मिळते, पण तिचा येथे उपयोग नाही. सुट्या भागांची आकृती आणि ते काढण्याचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमध्येच, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेतच असतो, आणि अशी मॅन्युअले स्कॅन करून जपणाऱ्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. जपानी स्क्रूंना जेआयएस (जपानी औद्योगिक मानकाचा) स्क्रूड्रायव्हरच वापरावा, कारण साधा फिलिप्स घसरून खाचा बिघडवतो. चाके स्वच्छ केल्यावर शटर सुरळीत चालू लागले. शटरच्या पडद्यांच्या ताणाला मात्र मी हात लावला नाही. शटरचा वेग मोजणाऱ्या शटर टेस्टरशिवाय ते करू नये.