बघते मी त्यांच्याकडे

मिरजेत मी नर्सना इंग्रजी शिकवते. परदेशी नोकरीला जाणाऱ्या बऱ्याच जणी ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात साधारण ५ मिनिटांचे दोन रोलप्ले असतात. उमेदवार नर्स होते आणि समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक. वर्गात समोरची व्यक्ती बहुतेकदा मीच असते.

त्या दिवशी समोर बसलेल्या सिस्टर आयसीयूत नऊ वर्षं काढलेल्या. रोलप्लेचा प्रसंग सांगणारं कार्ड मीच लिहिलं होतं: वडील ऐंशीच्या घरातले, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ऑपरेशननंतरची पहिलीच रात्र, आणि मुलगी काही केल्या घरी जायला तयार नाही. मुलगी मी.

सिस्टर जरा पुढे झुकल्या. आवाज इतका शांत की माझीच धाकधूक थांबावी. म्हणाल्या, "डोन्ट वरी. आय ॲम लुकिंग ॲट युवर फादर."

मी मुलीच्या भूमिकेतच विचारलं, "नुसतं बघणार? त्यांना काही लागलं तर?" काहीतरी चुकलंय हे त्यांनी ओळखलं आणि लगेच वाक्य बदललं, "आय विल लुक फॉर हिम, होल नाइट." म्हणजे वडील वॉर्डातून कुठेतरी निघून गेलेत आणि सिस्टर त्यांना रात्रभर शोधणार.

मी रोलप्ले थांबवला. वर्गात आणखी अकरा जणी होत्या, पण एकीच्याही चेहऱ्यावर चूक झाल्याचं दिसत नव्हतं. सिस्टरांनी वही उघडून मला दाखवली. आदल्याच आठवड्याच्या चाचणीत त्यांनी 'लुक आफ्टर' म्हणजे 'काळजी घेणे' असं बरोबर लिहिलं होतं. "मग आत्ता का नाही आलं तोंडात?" मी विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, वॉर्डात आम्ही 'काळजी घेते' असं कुठं म्हणतो? 'बघते मी त्यांच्याकडे, तुम्ही जावा' म्हणतो. तेवढ्यावर माणसं घरी जाऊन झोपतात."

या एका वाक्यानं माझी कित्येक वर्षांची शिकवण्याची पद्धत उघडी पडली. 'लुक आफ्टर'ची गाठ मी 'काळजी घेणे'शी मारून देत होते, तेही छापील मराठीतल्या. यांच्या बोलण्यात मात्र काळजी 'बघणे'मध्ये राहते. पोरांकडे कोण बघतं? म्हाताऱ्यांकडे बघायला कुणी नाही. घड्याळाकडे बघ. तिन्हीकडे शब्द तेच, आणि कोणतं बघणं सांभाळण्याचं नि कोणतं नुसत्या डोळ्यांचं, हे ऐकणारा बिनचूक ओळखतो. तिथून इंग्रजीत उतरताना 'बघणे'ला 'लुक' सापडतो आणि 'कडे'ला हाताशी येतो तो 'ॲट'.

ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला, लुक. हा शब्द एकटा असला की फार थोडं सांगतो: डोळे वळले, एवढंच. ते कुठे जातात आणि कशासाठी जातात, ते मागून येणारं शब्दयोगी अव्यय सांगतं. ॲट म्हणजे नेम. बॉल 'टू' कुणाला फेकला तर झेलण्यासाठी, 'ॲट' फेकला तर मारण्यासाठी. कुणावर ओरडायचं तेही शाउट ॲट. त्यामुळे लुकिंग ॲटमध्ये नजर जाऊन माणसावर पडते, त्याला काय हवं-नको ते विचारत नाही. आणि फॉर येतो तो अजून हाती नसलेल्या गोष्टीसाठी: वेट फॉर, आस्क फॉर, तसंच लुक फॉर.

"मग आफ्टरच का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. हा प्रश्न मला फार आवडला. जुन्या इंग्रजी गद्यात एखादा माणूस निघून जातो आणि दारात उभी असलेली बाई 'लुक्स आफ्टर हिम'. तिथे ती त्याची काळजी घेत नसते, त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत असते. आफ्टर म्हणजे मागोमाग. नजर कुणाच्या मागोमाग ठेवणं आणि त्याची काळजी वाहणं यांत अंतर तसं थोडंच. विचारणारी म्हणाली, "रांगणाऱ्या पोरामागं नजर असते तसं." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

एमएला असताना जेफ्री ग्रुबर या भाषाशास्त्रज्ञांचा लुक (बघणे) आणि सी (दिसणे) या क्रियापदांवरचा १९६७ सालचा लेख वाचला होता. इंग्रजीत नजर एखाद्या वस्तूसारखी प्रवास करते, असा त्याचा गाभा. बॉल जसा खिडकीतून, भिंतीवरून, खोलीच्या आत जातो तशीच नजर जाते: थ्रू, ओव्हर, इंटू. सीमध्ये ती पोचलेली असते, लुकमध्ये नुसती निघालेली. हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. बघितलं पण दिसलं नाही, हे आपण रोज म्हणतो. वाटाही आपल्याकडे आहेतच: पडद्याआडून, फटीतून, चष्म्यावरून.

चष्म्यावरून आम्ही चार्टवर आलो. 'डॉक्टर लुक्ड ओव्हर हिज ग्लासेस' म्हणजे चष्म्यावरून बघितलं. 'डॉक्टर लुक्ड ओव्हर द चार्ट' म्हणजे चार्ट नजरेखालून घातला. चार्टच्या वाक्यात ओव्हर उचलून शेवटी ठेवता येतो, 'लुक्ड द चार्ट ओव्हर', अर्थ तोच राहतो. चष्म्याच्या वाक्यात तसं केलं तर डॉक्टर चष्माच तपासू लागतात. लुक आफ्टरमधला आफ्टर तर हलतच नाही, तो माणसाच्या आधीच हवा. आणि इंग्रजी नजर कागदावरून जाते, तर मराठीत कागद नजरेखालून जातो, हे मला स्वतःला त्या दिवशी फळ्यावर लिहिताना पहिल्यांदा दिसलं.

वहीतलं 'काळजी घेणे' मी सगळ्यांना खोडायला लावलं. तिथे लिहिलं, 'कडे बघणे, माणूस असेल तेव्हा'. त्याखाली लुक इन ऑन, 'मधूनमधून डोकावून जाणे'. नाइट ड्यूटीचं निम्मं काम या तीन शब्दांत येतं, तरी आजवर मी ते कधी शिकवलं नव्हतं.

चार वाजता सिस्टर पुन्हा समोर बसल्या. तेच कार्ड, तोच शांत आवाज. "आय विल बी लुकिंग आफ्टर युवर फादर टुनाइट. आय विल लुक इन ऑन हिम एव्हरी अवर."

कार्डावर मुलीचं शेवटचं वाक्य होतं, मग मी घरी जाऊ का? सकाळी ते म्हणायची वेळच आली नव्हती. आता मी ते म्हटलं.