पोटदुखी म्हणून आलेला मुलगा

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अधिपरिचारिका आहे. पावसाळ्यात एकदा पहाटे आशाताई आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन आल्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या या मुलाच्या पोटात पहाटेपासून दुखत होते आणि एक उलटी झाली होती. अंगावर दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती. मात्र बोलताना त्याच्या पापण्या मिटत होत्या. वडिलांना वाटले, झोप झाली नाही म्हणून.

मला मण्यारीची शंका आली, याचे कारण माझ्या मोबाईलमध्ये होते. तालुक्यातील डॉक्टर आणि परिचारिकांच्या गटावर एका ज्येष्ठ फिजिशियनांनी सर्पदंशावरचे व्याख्यान टाकले होते. निवासस्थानात रेंज येते-जाते, म्हणून मी ते उतरवून ठेवले होते आणि रात्रपाळीत, काम नसताना, तुकड्यातुकड्याने अनेकदा पाहिले होते. मण्यार झोपेत चावते, दात इतके बारीक की खूण दिसेलच असे नाही, आणि सुरुवात बरेचदा पोटदुखीने होते, हे त्यातूनच मनात पक्के बसले होते.

मी डॉक्टरांना बोलावले. काचेच्या कोरड्या नळीत घेतलेले रक्त 20 मिनिटांनी गोठलेले होते. घोणस किंवा फुरशाच्या विषात ते सहसा गोठत नाही. तोवर मुलाला थुंकी गिळता येईना. डॉक्टरांनी सर्पविष उतरवणाऱ्या लसीच्या 10 कुप्या सलाईनमधून सुरू करायला सांगितले आणि लसीची तीव्र ॲलर्जी आलीच तर द्यायचे ॲड्रेनालिन भरून जवळ ठेवले. मूल लहान म्हणून लस कमी द्यायची नसते, कारण सापाने सोडलेले विष वयानुसार कमी होत नाही. हेही त्या व्याख्यानात होते, त्यामुळे कुप्या फोडताना माझा हात अडखळला नाही.

खरी कसोटी पुढे होती. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, त्यामुळे एकदा लुळे पडलेले स्नायू लसीने लगेच सुधारत नाहीत. श्वास उथळ होऊ लागताच आम्ही ॲम्ब्यू बॅग (मुखवट्यातून श्वास देण्याची, हाताने दाबायची पिशवी) धरली आणि 108 ची गाडी येईपर्यंत आळीपाळीने दर दोन-तीन सेकंदांनी एक श्वास देत राहिलो. त्या वेळी मोबाईल कुणाच्याही हातात नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता. मुखवटा चेहऱ्यावर घट्ट कसा बसवायचा हे सरावाच्या पुतळ्यावर हात बसल्याशिवाय येत नाही. व्हिडिओ पाहून ते येते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मुलगा उपजिल्हा रुग्णालयात काही दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि चालत घरी परतला.

नंतर डॉक्टरांनी नाव, गाव आणि छायाचित्र न देता ही हकिकत गटावर लिहिली. (रुग्णाची ओळख उघड करायची नाही, हा गटाचा नियम आहे आणि तो काटेकोरपणे पाळावा लागतो.) त्यावर एका उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने विचारले, "आमच्याकडे लस नाही आणि बॅग फक्त नवजात बाळाची आहे, असा मुलगा आला तर आम्ही काय करायचे?" चर्चा रात्रीपर्यंत चालली. अशा शिक्षणाची नोंद आमच्या प्रशिक्षणाच्या रकान्यात होत नाही, रिचार्जही स्वतःचाच असतो. परंतु इतका नेमका प्रश्न मी कोणत्याही प्रशिक्षणवर्गात ऐकलेला नाही. पुढील मासिक सभेत सर्व उपकेंद्रांसाठी मोठ्या बॅगांची मागणी लेखी देण्यात आली. बॅगा अजून यायच्या आहेत.