पान्कोमधल्या पाळणाघराच्या काकू

मला पाचवा महिना होता. बर्लिनच्या पान्को भागातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात तळमजल्यावरची जर्मन शेजारीण भेटली. माझ्या पोटाकडे बघितलं आणि अभिनंदनाच्या आधी विचारलं, "किटात नाव घातलंत का?" मी हसले, मला वाटलं विनोद आहे. ती हसली नाही.

किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. बर्लिनमध्ये १ ऑगस्ट २०१८ पासून ते फुकट आहे, जेवणाचे महिन्याला २३ यूरो तेवढे द्यायचे. हे मी घरी सांगितलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर सगळे गप्प झाले होते. पुण्यात माझी मावसबहीण डे-केअरला काय मोजते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय मूल एक वर्षाचं झालं की जागा मिळणं हा २०१३ पासून संपूर्ण जर्मनीत कायद्याने दिलेला हक्क आहे. लाइपझिग शहरातल्या तीन आया तर या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. जागा न मिळाल्याने कामावर रुजू होता आलं नाही, बुडालेला पगार द्या, असं त्यांचं म्हणणं. २०१६ मध्ये कोर्टाने सांगितलं की महापालिकेची चूक असेल तर अशी भरपाई मागता येते.

आता खरी गंमत. तुम्ही अर्ज करता, दोघांच्या ऑफिसची पत्रं जोडता, आणि घरी एक 'गुटशाइन' येतं. कुपनच म्हणा. त्यावर लिहिलेलं असतं की तुमच्या मुलीला रोज सात ते नऊ तासांची जागा मंजूर आहे. कुठे, ते लिहिलेलं नसतं. ते तुम्ही शोधायचं. लग्नाच्या पत्रिका छापून हातात याव्यात आणि हॉल मात्र आपण दारोदार फिरून शोधावा, तशातला प्रकार. मी एक वही केली, सव्वीस किटांची नावं लिहिली, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाला मेल केला. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही.

पगाराचं म्हणाल तर पहिलं वर्ष निभावलं. इथे एल्टर्नगेल्ड मिळतं: बाळासाठी घरी राहणाऱ्या आईला किंवा बाबाला निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, जास्तीत जास्त महिना १८०० यूरो. दोघांनी मिळून घेतलं तर एकूण चौदा महिने, त्यातले किमान दोन दुसऱ्याने घ्यायचे. बारा मी घेतले, तेरावा-चौदावा नवऱ्याने. तुमचा पगार चांगला असेल तर १८०० यूरोत बर्लिनचं भाडं आणि पोट दोन्ही सांभाळताना घाम फुटतो, पण भारतातल्या २६ आठवड्यांच्या रजेशी तुलना करून मी तक्रार करणार नाही.

आईची योजना वेगळी होती. "तीन महिने मी येते, तीन महिने विहीणबाई येतील, परत मी. कशाला हवं ते पाळणाघर?" पाहुण्यांच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. म्हणजे दोन आज्या पाळीपाळीने आल्या तर आख्खं वर्ष भरतं! कागदावर हिशोब चोख बसत होता. नवरा तर हरखलाच. मी रात्री कॅलेंडर घेऊन बसले. दर तीन महिन्यांनी विमानतळावर एक आजी सोडायची आणि एक आणायची. बाबांचे गुडघे, आईची बीपीची गोळी, दर खेपेला प्रवासविमा, डिसेंबरात दुपारी चारलाच होणारा अंधार आणि तिसऱ्या मजल्यावर जर्मन न येणारी एक बाई, कडेवर बाळ. शिवाय लेक. तिला एका आजीचा लळा लागतोय न लागतोय तोवर ती आजी पडद्यावर जाणार.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पण परक्या बाईच्या घरी?"

"मग मला कुठे ठेवलं होतंस?"

आईची आठ बाराची फास्ट लोकल असायची. सात महिन्यांची असल्यापासून मी डोंबिवलीत, दोन इमारती सोडून, काकूंकडे. काकूंची दोन खोल्यांची जागा, पाच-सहा मुलं, दुपारी वरण-भात आणि सतरंजीवर सगळे ओळीने आडवे. काकूंच्या लुगड्याला येणारा हिंगाचा वास मला अजून आठवतो.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या काकू होत्या."

या एका वाक्याने माझा गुंता सुटला, हे आईला माहीत नाही. कारण त्याच आठवड्यात आम्हाला दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक किटा, सव्वाशे मुलांची, ऑफिसच्या वाटेवर, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेपाच, मागे मोठं अंगण, भिंतीवर शिक्षणपद्धतीचा तक्ता. दुसरी 'टागेसमुटर'. शब्दशः 'दिवसाची आई', म्हणजे आपल्या पाळणाघराच्या काकूच. आमच्या घरापासून दोन गल्ल्या. स्वतःच्या घरात जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळायची सरकारी परवानगी, त्यासाठी प्रशिक्षण, प्रथमोपचाराचा कोर्स. कुपन तेच चालतं. फक्त चार वाजता बंद.

किटाचे तास आमच्या नोकऱ्यांना सोयीचे होते. त्या तक्त्यावरही आम्ही दोन संध्याकाळी वाद घातले, आता आठवून हसू येतं. काकूंकडे आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. एक मुलगा त्यांच्या पायाशी सालांचा ढीग रचत होता. आमच्याशी बोलताना त्यांचा एक हात सतत त्याच्या डोक्याशी होता, टेबलाच्या कोपऱ्यावर आपटू नये म्हणून. त्याच्याकडे बघून नव्हे, सवयीने. बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "मी सातला ऑफिस सुरू करीन, साडेतीनला निघेन." झालं.

इथे मुलाला दारात सोडून पळायचं नसतं. 'आईनगेव्योनुंग' नावाचा सोपस्कार असतो, रुळवणं म्हणू. बर्लिनच्याच नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने तासभर मुलासोबत बसायचं, काही करायचं नाही, नुसतं असायचं. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जायचं. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर मंगळवारी, कारण सुट्टीनंतर मूल बिथरलेलं असतं. हे काम नवऱ्याने केलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये. तो लाकडी स्टुलावर बसायचा आणि मला फोटो पाठवायचा: लेकीचा पाय, लेकीची पाठ, रिकामा स्टूल.

चौथ्या दिवशी तो जिन्यात उभा राहिला. आतून रडणं आलं. काकूंनी सांगून ठेवलं होतं की ती गप्प होत नसेल तर दोन-तीन मिनिटांत मी बोलावीन, तोवर दार उघडायचं नाही. रडणं थांबलं. बोलावणं आलं नाही. मला फोन करून म्हणाला, "ती गप्प झाली." आवाज असा, जणू काही वाईट बातमी देतोय.

सगळं गोडच आहे असं समजू नका. एकट्या बाईचा कारभार, त्यामुळे त्या आजारी पडल्या की पाच घरं कोलमडतात. बदली व्यवस्था असते, पण एकदा सकाळी सव्वासहाला मेसेज आला आणि बदलीच्या ठिकाणी लेकीने दारातच असं काही भोकाड पसरलं की मी तिला घेऊन परत आले आणि मांडीवर बसवून मीटिंग केली. आणि आजारपणं! पहिल्या हिवाळ्यात तिचं नाक कोरडं पाहिल्याचं आठवत नाही. ताप आला की काकूंकडे प्रवेश बंद. मुलासाठी वेगळी आजारपणाची रजा असते, हे लिहितेय त्या २०२४ मध्ये दर पालकाला दर मुलामागे पंधरा दिवस. आमचे संपत आलेत.

जर्मनमध्ये 'राबेनमुटर' असा एक शब्द आहे, डोमकावळ्याची आई, म्हणजे पिल्लू टाकून जाणारी. पश्चिम जर्मनीत वाढलेल्या माझ्या सहकारिणीने हा शब्द लहानपणी शेजारणींच्या तोंडून ऐकलाय. पूर्व बर्लिनमध्ये आया कामावर जाणं आणि मुलं पाळणाघरात असणं नेहमीचंच होतं. आमच्या काकू पूर्वेच्या. मला एकदाही त्यांनी 'इतकी लहान?' असं विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी मी त्यांना दिवाळीला चकल्या नेऊन देते.

आई मे २०२३ मध्ये आली. दुसऱ्याच दिवशी लेकीला आणायला माझ्यासोबत निघाली, नीट साडी नेसून. काकूंनी आत बोलावलं. मुलं झोपेतून उठत होती, छोट्या गाद्या ओळीने. आईने गाद्या बघितल्या, स्वयंपाकघरात डोकावली, बाथरूमही बघून आली. घरी येताना एवढंच म्हणाली, "मोरी स्वच्छ आहे." पुढच्या आठवड्यात तिने मला भाषांतराला बसवलं आणि काकूंना मऊ भाताची कृती लिहून दिली. काकूंनी ती फ्रीजवर लावली. त्या भातात त्या आता अजमोदा घालतात. आईला सांगितलेलं नाही.

येत्या ऑक्टोबरात लेकीला तीन पूर्ण होतील. काकूंकडे तीनपर्यंतचीच मुलं असतात, म्हणून वही परत बाहेर काढली आहे. परवा एक वनकिटा बघून आलो. मुलं दिवसभर झाडीत, पावसात, बर्फात, रबरी पँट घालून चिखलात. काल आईला फोनवर हे सगळं उत्साहाने सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग म्हणाली, "व्हिसाला काय काय कागद लागतात, ते पाठव बघू."