टाळ्यांच्या कविता बाजूला ठेवताना

पहिला संग्रह काढायचा ठरलं तेव्हा वह्या उघडण्याआधी मी पैशांचा हिशेब केला. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सीएचबी म्हटलं की आमच्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्ट्यांचे नाहीत, आणि तेही महिन्याच्या महिन्याला हातात पडतील याची खात्री नाही. एका प्रकाशकाने दर सांगितला : 80 पानं, 500 प्रती, खर्च तुमचा, त्यातल्या 100 प्रती तुम्हाला. उरलेल्या 400 कुठं जातील, हे विचारल्यावर ते मराठी वाचकाच्या अनास्थेवर बोलू लागले.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी. तिथं पाठवायचं ठरवलं. पण पाठवायला संहिता लागते, आणि माझ्याकडे होत्या सुट्या कविता. बऱ्याचशा कविसंमेलनांत म्हटलेल्या.

कविसंमेलनांबद्दल थोडं सांगायलाच हवं. जळगावात 1907 साली भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. वर्गात हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, तुम्हाला काय मिळालं?” मला शाल मिळते. श्रीफळही मिळतं. मानधनाचा विषय निघाला की आयोजक विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव जाऊन कसं काव्यवाचन करायचे त्याच्या आठवणी काढतात. ते तिघं होते आणि अख्खी संध्याकाळ त्यांची होती. आम्ही मंचावर तीसेक जण. प्रत्येकाला एकच कविता, आणि दोन कवींच्या मध्ये सूत्रसंचालकाच्या दोन चारोळ्या. माझा नंबर येईपर्यंत शेवटची एसटी निघून जायची वेळ झालेली असते, म्हणून मी नाव पुकारण्याआधीच पिशवी खांद्याला लावून बसते. 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं; माझ्या कवितेला सरकारकडून मिळालेली ती पहिली मदत.

अशा ठिकाणी माय आणि बाप चालतात. माझी मायवरची एक कविता कुठंही पडली नाही. तिचं ध्रुपद दुसऱ्यांदा आलं की पुढच्या रांगा सोबत म्हणू लागतात, तिसऱ्यांदा आलं की टाळ्या. संग्रहाची सुरुवात तिनंच करायची हे मी गृहीत धरलं होतं. टाइप करून प्रिंट काढली आणि टेबलावर ठेवून नुसती डोळ्यांनी वाचली. ध्रुपद पाच वेळा, पाचही वेळा तेच. मंचावर प्रत्येक खेपेला मी आवाज वेगळा लावते, तिसऱ्या खेपेला थांबते, शेवटच्या खेपेला जवळजवळ पुटपुटते. ते थांबणं कागदावर आलंच नव्हतं. कविता माझ्या घशात होती, शब्दांत फार थोडी.

मग मी वर्गाचा उपयोग करून घेतला. बी.ए.च्या मुलांना तासाच्या शेवटी एखादी कविता वाचून दाखवायची, कुणाची ते सांगायचं नाही, आवाज सपाट ठेवायचा. दुसऱ्या दिवशी विचारायचं, काल काय ऐकलं ते आठवतंय का? आमची मुलं भिडस्त नाहीत. मायच्या कवितेबद्दल एकजण म्हणाला, “आईवरची होती काहीतरी.” बस्स. पण कणगीतल्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून वर्षाचा अंदाज घेणारी आजी मागच्या बाकावरच्या मुलीनेही जशीच्या तशी सांगितली. ही कविता मी मंचावर एकदाच म्हटली होती आणि समोरच्या रांगेतला एक पाहुणा जांभई देत होता.

मंचावर म्हणायच्या कवितेला मी कमी लेखत नाही. समोरच्या माणसाला तिथल्या तिथं धरणं ही कला आहे आणि ती मला कष्टाने आली. मात्र पुस्तक वाचणारा माणूस मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, त्याला ध्रुपदाची गरज फार लागत नाही. आठवणीत राहिलेल्या कविता आत, नुसत्या वाजलेल्या बाहेर, असं करत गेले. आधी जाडजूड वाटणारी फाइल निम्म्याने उतरली.

अनुदान मंजूर झालं. त्यानंतर छपाई. पुस्तक 16 पानांच्या फॉर्मने छापलं जातं, त्यामुळे 80 पानं म्हणजे 5 फॉर्म. एक पान जरी वाढलं तरी नवा फॉर्म, नवा खर्च. शीर्षक, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका यांत सुरुवातीची पानं गेली. कविता मी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेल्या, डीटीपीवाल्या दादांचं काम जुन्या फाँटमध्ये. फाइल फिरवल्यावर ‘वाऱ्या’तला र तुटला, ‘दऱ्या’ वाचता येईनात. त्याहून अवघड म्हणजे जागा वाचवायला त्यांनी छोट्या ओळी जोडून टाकल्या होत्या. “मॅडम, अर्थ तर तोच राहतो ना?” मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि प्रत्येक ओळ कुठं तोडायची ते मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या-पाचव्या कवितेनंतर ते स्वतःच एंटर मारू लागले, आणि बहुतेक ठिकाणी बरोबर.

शेवटच्या फॉर्ममध्ये दोन पानं कोरी उरली. दादा म्हणाले, “एखादी टाका की अजून.” मायची कविता दोन पानांत अगदी बसली असती. मी पानं कोरीच ठेवली.

आता संमेलनाला जाताना पिशवीत पुस्तकं असतात. मायची कविता मी अजूनही म्हणते, फर्माईश आली की नाही म्हणवत नाही. खाली उतरल्यावर लोक पुस्तक चाळतात आणि विचारतात, ती कुठल्या पानावर आहे? त्यात नाही म्हटलं की बरेच जण पुस्तक परत ठेवतात. परवा एका काकूंनी ते परत ठेवलं नाही. पर्समधून पेन काढून मागचं कोरं पान पुढं केलं, “मग इथं लिहून दे, बाई.” एसटीला वेळ होता, लिहून दिली. सवलत मात्र दिली नाही.