पुरलेला वायू वर येणार नाही का?

‘सोड्याची बाटली उघडली की वायू फसफसून वर येतो. मग हवेत जाऊ नये म्हणून जमिनीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथे कसा राहील?’ खडकांतलं पाणी हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सोडा फसफसतो, कारण झाकण उघडताच दाब उतरतो. खोल जमिनीत तो उतरत नाही. उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं स्लाइपनर हे वायुक्षेत्र घ्या. तिथल्या नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात सोडला जातोय, समुद्रपातळीच्या सुमारे १००० मीटर खाली. तिथे दाब वातावरणाच्या शंभरपटीच्या आसपास असतो, त्यामुळे तो वायू द्रवासारखा दाट होतो. वाळूच्या कणांमधल्या खाऱ्या पाण्यापेक्षा मात्र तो हलकाच, म्हणून वर सरकतो आणि शेल या चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाच्या थराखाली अडतो. सरकताना त्याचे बारीक थेंब छिद्रांत अडकून मागे राहतात.

विरघळणं सुरू होतं ते जिथे तो पाण्याला टेकतो तिथे. जवळचं पाणी लवकरच संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी वायू मावत नाही, आणि नुसत्या विसरणाने, म्हणजे रेणू आपसूक पसरत, पुढे जायचं तर फार वेळ लागतो. पण कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी किंचित जड होतं, जेमतेम एखाद्या टक्क्याने. तेवढ्यानेच ते बोटांसारख्या धारांनी खाली उतरू लागतं आणि त्याच्या जागी ताजं पाणी वर येतं. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच: एकदा विरघळला की तो वर यायचं सोडून खाली बुडतो.

खडक घट्ट असेल तर हे अभिसरण रेंगाळतं. न्यू मेक्सिकोतल्या ब्राव्हो डोममध्ये निसर्गानेच साठवलेला कार्बन डायऑक्साइड आहे. दहा लाखांहून अधिक वर्षांत त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा विरघळलाय, असा संशोधकांचा हिशोब आहे. म्हणून ‘विरघळेलच की’ एवढ्यावर कोणी निश्चिंत होऊ नये. तोवर सगळी भिस्त वरच्या थरावर आणि जुन्या विहिरी नीट बुजवल्या आहेत की नाही यावर असते.

आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पवाल्यांनी क्रमच बदलला. वायू पाण्यात विरघळवूनच बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकात सोडला. त्या आम्लधर्मी पाण्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सुटं केलं आणि त्यांचे कार्बोनेट झाले. २०१२ च्या प्रयोगातला ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला.

आपलं दख्खनचं पठार बेसॉल्टचंच, म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला: मग आपल्याकडे का नाही? रसायन जुळतं, पण त्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यांत ते मागायला मी तरी जाणार नाही. किनाऱ्यालगत समुद्राचं पाणी वापरून काही जमतं का, ते आधी तपासायला हवं.