हात पुसून खेळ

माळ्यावरचा कॉम्प्युटर भंगारात द्यायचं आमच्याकडे तीन दिवाळ्या चाललं होतं. २००७ साली हप्त्यांवर घेतलेला, आत कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम आणि सोबत पोट सुटलेला सतरा इंची काचेचा मॉनिटर. शेवटी भंगारवाल्याला वर बोलावलं. त्याने डब्याचे साडेतीनशे सांगितले आणि मॉनिटरकडे न बघताच म्हणाला, ‘‘हा तुमच्याकडेच ठेवा.’’ एवढा अपमान झाल्यावर कुणी घरचं माणूस बाहेर देतं का?

लहानपणी दुकानात असायचं तसं व्हिडिओ गेमचं मशीन याचंच करायचं ठरवलं. चालू केला तर पडदा काळा आणि नुसती लांब शिटी, थांबून पुन्हा शिटी. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर लेकीचं खोडरबर फिरवलं, परत बसवली. शिटी बंद! घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे मशीनच्या लेखी रोजच १ जानेवारी. वीस-तीस रुपयांत त्याचं साल पुढे सरकलं. पंख्यातून मात्र जी धूळ निघाली, तिच्यात गुलाबाचं कलम धरलं असतं.

विंडोजच्या फंदात पडलो नाही. बाटोसेरा नावाची फुकट लिनक्स प्रणाली मिळते. ती पेनड्राइव्हवर उतरवायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा. हार्डडिस्कला धक्का लागत नाही (आमच्या लग्नाचे फोटो तिच्यातच आहेत) आणि पडद्यावर थेट गेमची यादी येते. तिच्या पोटात मेम (MAME), दुकानातले जुने व्हिडिओ गेम घरच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसाने हा प्रोग्राम १९९७ साली पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. मेमची गंमत अशी की तो गेमची नक्कल करतच नाही, गेम ज्या मशीनवर चालायचा त्या मशीनचं सोंग घेतो. गेमला बिचाऱ्याला वाटतं, आपण अजून त्याच बोर्डावर आहोत. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या मारामारीच्या गेमच्या बोर्डावर दहा मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. माझं साडेतीनशेचं भंगार त्याच्या दोनशेपट वेगाचं. म्हणजे वाघाने मांजराचं सोंग घ्यावं तसंच.

मेम फुकट असला तरी गेम फुकट नाहीत, बहुतेक आजही कंपन्यांच्याच मालकीचे आहेत. या बाबतीत मी किती सोवळं पाळलं, ते लेकीला विचारू नये.

मग डबा. पंचवटीतल्या एका मिस्त्रींकडे कागदावर चित्र काढून नेलं. उभं खोकं, वर कपाळपट्टी, मध्ये पडद्याची खिडकी, खाली पुढे आलेली फळी. त्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘देव कोणता बसवायचाय?’’ देवघरंच करणारा माणूस तो. मी म्हटलं, व्हिडिओ गेम. ते काही बोलले नाहीत, पण कपाळपट्टीला महिरप कापून दिली ती दिलीच. खरी अडचण भोकांची झाली. बटणांना तीस एमएमचं भोक लागतं आणि मिस्त्रींकडे कपाटाच्या बिजागरीचा पस्तीसचा बिट. ‘‘पाच एमएमनं काय होतंय?’’ म्हणत त्यांनी सहाही पाडली, आणि सहाही बटणं दानपेटीत नाणी पडावीत तशी आत पडली. दुसऱ्या फळीचे पैसे मी दिले. चूक कुणाची, यावर आमचं अजून एकमत नाही.

बटणं आणि स्टिक ऑनलाइन मागवली. प्रत्येक बटणाखाली छोटा मायक्रोस्विच असतो, त्याच्या दोन वायरी एका इवल्या बोर्डात खोचायच्या, बोर्डाची एक केबल यूएसबीत. सोल्डरिंग नाही, काही नाही. पहिलं बटण दाबलं आणि ‘टिक’ असा आवाज आला मात्र, मी थेट त्रिमूर्ती चौकात जाऊन पोहोचलो.

नाशिकच्या सिडकोत, चौकापासून आत एका गल्लीत, अण्णांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, तीन मशीन, रुपयाला एक डाव. आत उजेड फक्त पडद्यांचा. शर्टाच्या बाहीला बटाटावड्याचा वास आणि मागे उभ्या असलेल्या दहा पोरांचे सल्ले. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या गोळा फेकायच्या ‘हाडोकेन’ला आम्ही ‘आडूकेन’ म्हणायचो, हिरव्या ब्लांकाच्या अंगातून निघणाऱ्या विजेला ‘करंट’. मोठी पोरं आली की लहानांनी उठायचं, हा कायदा लिहिलेला नसूनही सगळ्यांना पाठ होता. लाइट गेली की चालू डाव गेला, रुपया परत नाही. आणि हरलेला पोरगा हमखास म्हणायचा, ‘‘अण्णा, स्टिक खराब आहे.’’ काउंटरवरून पेपरातून डोकंही वर न काढता उत्तर यायचं, ‘‘स्टिकला काही झालेलं नाही. हात पुसून खेळ.’’

गेममध्ये देशोदेशीच्या खेळाडूंशी त्यांच्या देशात जाऊन लढायचं असतं. त्या मशीनवर मी कधी स्पेनच्या पुढे गेलो नाही. तिथे तो मुखवटेवाला, पंजावाला व्हेगा जाळीवर चढायचा आणि माझा रुपया संपायचा. फक्त एकदा, दहावीच्या प्रिलिमच्या आठवड्यात, त्याला लोळवून थायलंडला सागाटपर्यंत पोहोचलो होतो. मागे आडवी झालेली बुद्धमूर्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तो दिवस मला बोर्डाच्या निकालापेक्षा जास्त आठवतो.

घरच्या मशीनला नाणं लागत नाही. मेममध्ये कीबोर्डवरचा ५ दाबला की नाणं पडल्याचा आवाज येतो, १ दाबला की डाव सुरू. लेकीने पहिल्याच संध्याकाळी पाच नंबरवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. मेली की नाणं, मेली की नाणं. तासाभरात गेम संपवून ती म्हणाली, ‘‘बाबा, तू याच्यासाठी क्लास बुडवायचास?’’ तेव्हापासून आमच्याकडे माणशी रोज तीन नाणी असा नियम आहे. नियम आला तशी ती चिकटली, आणि महिनाभरात मला हरवायला लागली.

पण मीही सगळ्यात शेवटच्या बायसनपर्यंत पोहोचलो! चाळिशी उलटलेली, चष्मा लागलेला, मनगट दुखतंय, आणि शाळेत जे जमलं नाही ते सहज जमतंय. आनंदापेक्षा संशयच जास्त आला. एका रात्री टॅब दाबून मेमचा मेनू उघडला, तर तिथे ‘डिप स्विच’ असं लिहिलेलं. खऱ्या बोर्डावर हे उंदराच्या दातांएवढे स्विच असतात, आठ-आठच्या तीन ओळी. एका रुपयाला किती डाव, ते त्यांनी ठरायचं. आणि गेम किती अवघड, तेही. शून्यापासून सातपर्यंत पायऱ्या. माझ्या घरी तीन होती, कारखान्यातून येते तशी.

म्हणजे अण्णांकडे किती होती?

पुढच्या रविवारी गेलोच. शेड जाऊन पक्कं बांधकाम झालंय, तिथे अण्णांचा मुलगा झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान चालवतो. अण्णा बाहेर खुर्चीत, हातात पेपर. ओळख द्यावी लागली. मग विचारलं, ‘‘अण्णा, मशीनच्या मागचे ते छोटे स्विच तुम्ही हलवायचात का?’’

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अगदी किराणा दुकानाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं, ‘‘मे महिन्याच्या सुट्टीत सगळी वर करायचो. गर्दी मरणाची, पोरगं पाच मिनिटांत उठलं पाहिजे. परीक्षा आल्या की पुन्हा खाली. दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं, जो येईल त्याला तरी धरून ठेवायला नको?’’

प्रिलिमचा आठवडा म्हणजे परीक्षाच की. सागाट, ती बुद्धमूर्ती, मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी मारलेल्या शिट्ट्या. तीस वर्षं जपलेली माझी ती एकमेव कमाई अण्णांनी पेपरची घडी घालता घालता परत घेतली. वर चहाही पाजला.

घरी आलो तेव्हा सगळे झोपले होते. टॅब दाबला, तीनाचं सात केलं, मशीन बंद करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी क्लासवरून आल्यावर लेक खेळायला बसली. दहा मिनिटांत तिन्ही नाणी संपली.

‘‘बाबा, स्टिक खराब झालीये.’’

मी पेपर वाचत होतो. ‘‘स्टिकला काही झालेलं नाही,’’ मी म्हटलं. ‘‘हात पुसून खेळ.’’