जिम्बोचोतील शनिवार

टोकियोत आल्यावर पहिल्या वर्षी मी जिम्बोचोला एकदाच गेले, आणि तेही नेमके रविवारी. जुन्या पुस्तकांच्या शंभराहून अधिक दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातील बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. आता शनिवारची दुपार मी या एकाच कामासाठी राखून ठेवते.

भूमिगत रेल्वेच्या तीन मार्गिका येथे एकत्र येतात आणि स्थानकातून वर आले की समोर यासुकुनी-दोरी हा रुंद रस्ता लागतो. या रस्त्यावरची पुस्तकांची दुकाने बहुतांशी दक्षिणेच्या कडेलाच का, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. उत्तर अगदी साधे निघाले. त्या कडेच्या दुकानांची तोंडे उत्तरेकडे असतात, त्यामुळे दारात मांडलेल्या पुस्तकांवर थेट ऊन पडत नाही आणि कागद पिवळा पडत नाही. दुकाने याच भागात का जमली, याचे कारण शिक्षणात आहे. 1880 च्या दशकात आसपास कायद्याचे शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या, त्यांतील काहींची पुढे मोठी विद्यापीठे झाली, आणि विद्यार्थ्यांनी वापरून विकलेल्या पुस्तकांवर हा व्यापार उभा राहिला. जपानमधील नामांकित इवानामी प्रकाशनसंस्थाही 1913 साली येथे जुन्या पुस्तकांचे दुकान म्हणूनच सुरू झाली होती.

प्रत्येक दुकानाचा विषय ठरलेला असतो. 1882 पासून चालणाऱ्या ओओया शोबोमध्ये एदो काळातील, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील, चित्रे आणि नकाशे मिळतात, यागुची शोतेनमध्ये नाटक-सिनेमा, तर 1902 साली सुरू झालेल्या किताझावामध्ये इंग्रजी पुस्तके. दुकानदारांचे आपसांतले लिलावही होतात, त्यामुळे एखाद्याच्या हाती दुसऱ्याच्या विषयाचा माल आला, तरी तो फिरून योग्य फळीवर पोहोचतो. माझे जपानी वाचन अजून अडखळतच चालते, म्हणून मी आधी बाहेरच्या मांडण्यांपाशी रेंगाळते, जिथे 100 किंवा 200 येनांना कोणतेही पुस्तक उचलावे. उभ्याउभ्या वाचण्याला इथे ‘ताचियोमी’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि मर्यादेत राहून केलेले ताचियोमी बहुतेक दुकानदार खपवून घेतात.

न खपणारी गोष्ट कोणती, हे मला एका दुकानात कळले. कॉफीचा कागदी पेला हातात धरून मी आत शिरले, तेव्हा वृद्ध मालकांनी एक शब्दही न बोलता दाराजवळच्या छोट्या तिवईकडे बोट दाखवले. पेला तिथे ठेवला, आणि बाहेर पडेपर्यंत कॉफी गार झाली होती. पुस्तकांच्या दुकानातच कॉफी पाजण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे आणि टोकियोतही तशी दुकाने आहेत, परंतु जिम्बोचोचा जुना रिवाज मला अधिक पटतो. येथे पुस्तक एका दारी आणि कॉफी दुसऱ्या दारी असते. बसून वाचायचे असेल, तर आधी पुस्तक विकत घ्यावे लागते आणि गल्ली ओलांडावी लागते.

गल्लीपलीकडच्या त्या ठिकाणाला ‘किस्सातेन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ चहा पिण्याचे दुकान एवढाच असला, तरी मराठी कानाला तो किस्से सांगण्याचा अड्डा वाटतो. प्रत्यक्षात आत सगळे हळू आवाजात बोलतात आणि एकटी माणसे तर बोलतच नाहीत. 1949 पासूनचे लाद्रिओ एका अरुंद गल्लीत विटांच्या भिंतींआड आहे आणि तेथे वर सायीचा जाड थर असलेली व्हिएन्ना कॉफी मिळते. माझी पसंती मात्र सबोरूला. 1955 सालच्या या किस्सातेनमध्ये डोळे अंधाराला सरावेपर्यंत पायरी दिसत नाही. विटांच्या भिंतींवर गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे खरडलेला मजकूर आहे आणि कॉफीबरोबर भुईमुगाचे दाणे येतात. एक कप कॉफीसाठी कितीही वेळ बसावे असे नव्हे, पण दोन प्रकरणे होईपर्यंत कोणी उठवत नाही.

गेल्या खेपेला मी तेथे एक जुने रेल्वे वेळापत्रक घेऊन बसले होते. कादंबरीच्या एका पानाला मला अर्धा तास लागतो. वेळापत्रकात मात्र आकडे आणि स्थानकांची नावेच असतात, आणि तेवढे मला वाचता येते. अंक मार्च 1975 चा होता, म्हणजे शिन्कान्सेन ही अतिवेगवान रेल्वे नैऋत्येकडील हाकाताला पोहोचली त्या महिन्याचा. टोकियो ते हाकाता हे अंतर तेव्हाची सर्वांत वेगवान गाडी 6 तास 56 मिनिटांत कापत असे. आज सुमारे पाच तास लागतात. पाने उलटत मी उत्तरेला होक्काइदोपर्यंत गेले आणि हिरोओ या छोट्या मार्गाच्या तक्त्यावर थांबले. त्यात ‘कोफुकु’ नावाचे एक स्थानक आहे, ज्याचा अर्थ होतो सुख, आणि ती दोन अक्षरे मला कोश न उघडता वाचता आली. हा मार्ग 1987 साली बंद झाला. शेवटच्या स्थानकापर्यंत बोट फिरवून होईतो दाणे संपले होते, आणि सहा वाजत आल्यामुळे समोरच्या दुकानात मांडण्या आत ओढण्याचे काम सुरू झाले होते.